त्रेसष्ट नंबरची ख्यालीखुशाली

डॉक्टर ताम्हनकरांनी शहनाजच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. वॉर्डातल्या बायकांना त्यांची ही सवय ठाऊक होती. बडबडणाऱ्या गप्प झाल्या. कोपऱ्यातल्या एकीने खोकला पदरात दाबला. सर पोट ऐकायचे ते पुरी तीन मिनिटं, त्यात सेकंदाची सूट नाही.

निरोगी पोट कधी गप्प बसत नाही. ते आपलं सारखं गुरगुरत असतं. आतडं अडलं की सुरुवातीला ते नुसता आरडाओरडा करतं, आणि मग एकाएकी गप्प होतं. भरल्या घराच्या दारात उभं राहून हाक मारावी आणि आतून कुणीच ओ देऊ नये, तसं ते वाटतं. त्या शांततेची भीती मला नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाटत राहिली.

"आहे," सर शेवटी म्हणाले. "बारीक आहे, पण आहे. थांबू या."

शहनाजच्या उशाशी तिचा नवरा दस्तगीर उभा होता. मिरजेतच सतारी बनवणाऱ्यांच्या घरातला. बोटांना कायम लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले. अजून किती थांबायचं?"

सरांनी त्याला पुन्हा समजावलं. शहनाज सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. मुलगी झाली तेव्हा सिझर झालं. त्यानंतर पोटात आतड्याला आतडं चिकटलं, पीळ बसला, म्हणून पोट उघडून ते चिकटलेलं सोडवलं. सोडवलं की जखम होते आणि जखम झाली की तिथे पुन्हा चिकटतं. दोन वर्षांनी पुन्हा अडलं, पुन्हा उघडलं. आता ही तिसरी खेप. नाकात नळी, हाताला सलाइन, तोंडाने पाण्याचा थेंब नाही.

"तिसऱ्यांदा उघडायचं म्हणजे आत सगळा गुंता," सर म्हणाले. "सोडवताना आतडं फाटू शकतं. आणि सुटलं तरी चौथ्यांदा चिकटणार. त्यापेक्षा थांबलेलं बरं. आमचा एक त्रेसष्ट नंबरचा पेशंट आहे, पायगोंडा मगदूम. दोनदा उघडला होता त्याला. तिसऱ्यांदा अडलं तेव्हा तो घरीच थांबला आणि आपोआप सुटला. आज सात वर्षं झाली, ठणठणीत आहे. विचारा आवटीबाईंना."

मी मान हलवली. मी आवटीबाई, म्हणजे कुमुद आवटी. त्या दवाखान्यात माझं काम काय, तर ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसांची खबरबात ठेवायची. आतड्याच्या पिळाचे एकशेबारा पेशंट सरांनी नंबर टाकून वहीत घेतले होते. एप्रिल आणि ऑक्टोबरात प्रत्येकाला जोडकार्ड जायचं. एका अर्ध्यावर छापील प्रश्न, दुसरा अर्धा उत्तराला. पोट दुखते काय, उलटी होते काय, वारा सरतो काय, पुन्हा दवाखान्यात राहावे लागले काय, कामाचे किती दिवस बुडाले, खर्चासाठी काय विकले. पोट उघडल्यावर पुढच्या दहा वर्षांत माणसाचं काय होतं, हे सरांना शोधायचं होतं. मोठमोठ्या दवाखान्यांनाही तेव्हा ते धड ठाऊक नव्हतं, आणि त्या वहीचा मला फार अभिमान होता.

उत्तरं यायची ती अशी. कुणाची म्हैस गेली होती, कुणाची नोकरी. एका मास्तरांनी लिहिलं होतं, पाहुण्यांकडे जेवायला जायचं सोडलं आहे. त्या सगळ्यांत त्रेसष्ट नंबर म्हणजे आमचा हुकमी एक्का. त्याचं उत्तर कधी चुकलं नाही. "त्रास नाही. बरा आहे. बाईंनी काळजी करू नये." छापील प्रश्नांखाली मी त्याला शाईने एक ओळ जास्तीची लिहायची, "अण्णा, कसे आहात? जेवण वेळेवर असते ना?" नियमात बसत नव्हतं, पण एवढ्या इमानाने उत्तर देणाऱ्या माणसाचा लळा लागतो. दोनदाच पाहिलेल्या त्या किडकिडीत पानमळेवाल्याचं कार्ड आलं की माझा तो दिवस बरा जायचा.

दस्तगीरने शहनाजकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मला त्या माणसाला बघायचंय."

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणता तिसऱ्यांदा अडून तो सात वर्षं जगला. मला दाखवा. शहनाजला पण दाखवा. मग म्हणाल तितकं थांबतो. नाहीतर आत्ताच कापा, कागदावर सही करतो."

दुसरा डॉक्टर असता तर अपमान वाटून घेतला असता. सर मात्र हसले. त्यांना आपल्या वहीवर तेवढा विश्वास होता. "आवटीबाई, तासाभराचा तर रस्ता आहे. जा आणि अण्णांना घेऊनच या. येण्याजाण्याचं भाडं मी देतो म्हणावं."

*

म्हैसाळच्या बाजूला कृष्णाकाठी ते गाव होतं. एसटीतून उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते. मार्चचं ऊन नुसतं भाजत होतं. फाट्यावर पंक्चरच्या दुकानात एक म्हातारा बसला होता, त्याला पायगोंडा मगदुमांचा मळा विचारला.

"ह्यो काय, पाटाच्या कडंनं सरळ जावा," तो म्हणाला. मग माझ्याकडे जरा निरखून बघत त्याने विचारलं, "कुणाकडं काम हाय?"

"पायगोंडा अण्णांकडंच. दवाखान्यातून आले मी."

म्हातारा काहीतरी बोलणार होता. पण तेवढ्यात एक सायकलवाला हवा भरायला आला आणि तो पंपाकडे वळला. "असंल की मळ्यात कोणतरी," एवढंच त्याचं बोलणं माझ्या कानावर आलं.

पानमळा मी आधी बाहेरून पाहिला होता, पण अगदी तोंडाशी कधी गेले नव्हते. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते आणि आत चक्क तिन्हीसांजेसारखा अंधार. शेवऱ्याच्या आणि पांगाऱ्याच्या रांगाच रांगा, प्रत्येक खोडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पानवेल चिकटलेली. आतून गारवा येत होता, विहिरीच्या तोंडाशी येतो तसा. तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याच्यापाशी मी चपला काढल्या आणि तिथेच थांबले. आमच्याकडे पानमळ्यात बाईने पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वेल करपते म्हणतात. मी शिकलेली बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला द्या.

"अण्णा!" मी हाक मारली. "पायगोंडा अण्णा!"

ओ आली नाही. पक्षी नाही, पान हलत नाही. माझीच हाक आत शिरली आणि आतच राहिली.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा मला तो दिसला. पाच-सहा रांगांपलीकडे, पाठमोरा. पांढरं धोतर, मळकट सदरा, डोक्याला मुंडासं. अंगाने तसाच किडकिडीत. लव्हाळ्याने वेल बांधत होता. माझी हाक ऐकून तो थबकला, पण वळला नाही. मग त्याचा हात वर झाला आणि क्षणभर तसाच राहिला, लांबून ओळख देतात तसा. नंतर तो पलीकडच्या रांगेत शिरला आणि पानांनी त्याला झाकून टाकलं.

माझा जीव भांड्यात पडला. मघाच्या त्या म्हाताऱ्याच्या बघण्याने मनात उगाच काहीतरी आलं होतं, ते गेलं. मी मळ्याच्या कडेच्या खोपीपाशी जाऊन बाजेवर टेकले आणि अण्णांना एसटीत खिडकीची जागा द्यायची, वाटेत शहाळं पाजायचं, असे बेत करू लागले.

पाव तास झाला, मग अर्धा. मळ्यातून कुणी बाहेर आलं नाही. पाटाचं पाणी वाहत होतं, पण त्याचाही आवाज नव्हता. एवढ्या शांततेत आपण काय ऐकायचा प्रयत्न करतोय, हे एकदम माझ्या ध्यानात आलं आणि अंगावर सरसरून काटा आला. मी सरांसारखं घड्याळाकडे बघत मळा ऐकत होते.

"कोण म्हणायचं?"

मी दचकून उठले. खोपीच्या मागच्या बाजूने एक बाई आली होती. पन्नाशीची, उंच, वाळलेली. नऊवारी लुगडं घाईने नेसल्यासारखं, कपाळ रिकामं, त्यावर घामाने ओला झालेला एक आडवा वळ. हातात पाण्याचा तांब्या, काखेत कापडाची गुंडाळी.

"मी आवटी. मिरजेहून आले. कार्डवाली."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला संकोच वाटला. "आवटीबाई? तुमीच व्हय? बसा, बसा की. मी आक्काताई. ह्यांची मंडळी."

"अण्णांना भेटायला आले. मळ्यात दिसले मघाशी, हात केला त्यांनी. बोलावता का जरा?"

तांब्या माझ्यापुढे ठेवून ती जमिनीवर बसली. रिकाम्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं होतं, पण ही माणसं जैन, त्यांच्यातल्या कितीतरी बायका घाम आला की कुंकू पुसतात, असं मी स्वतःला समजावलं. माणसाला जे नको असतं ते समजावून टाकायला वेळ लागत नाही.

"त्यास्नी न्हाई यायचं जमणार," ती म्हणाली. "बरं हाईत म्हणून सांगा डॉक्टरांना. तरास न्हाई कायबी."

"अहो, असं करू नका. अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे." आणि मग मी तिला शहनाजबद्दल सांगितलं. वय, दोन लेकरं, तिसरी खेप. नवरा हटून बसलाय, त्याला अण्णा दिसले म्हणजे धीर येईल. सर थांबलेत ते अण्णांच्याच भरवशावर.

ऐकता ऐकता तिची मान वर आली. "किती दिस झालं?"

"आज चौथा."

"वारा सरला?"

"नाही."

"उलटी हिरवी का तपकिरी?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. "काल संध्याकाळपासून तपकिरी."

"आणि प्वाट? बोलतंय?"

"सकाळी सर म्हणाले, बारीक आहे."

"बारीक म्हंजे शेवटचं," आक्काताई म्हणाली. "त्याच्यानंतर गप होतंय. गप झालं की दुखायचंबी थांबतंय. माणसाला वाटतंय सुटलं. ह्यांनाबी तसंच वाटलं हुतं. मला म्हणालं, आक्का, आता बरं वाटतंय, मळ्यात जरा चक्कर मारून येतो. हितंच, तिसऱ्या रांगंत बसलं, ते उठलंच न्हाईत."

मला ते कळायला वेळ लागला. शब्द सगळे कळले होते.

"कधी?" मी विचारलं.

"आठ वर्सं हुतील दिवाळीला."

"पण कार्डं... अहो, कार्डं येतात!"

"ती मी लिवते. चौथीपतूर शिकलीया मी." तिच्या आवाजात लाज होती, अपराधीपणा मात्र नव्हता. "ते गेल्यावर पयलं कार्ड आलं, तवा दीर म्हणाला, मयत म्हणून लिव आणि टाकून दे. टाक घिऊन बसले बी. पर खाली तुमी लिवलं हुतं, अण्णा, कसे आहात. बाई, घरात कुणी त्यांचं नाव काढत नव्हतं. मी काढलं तर म्हणायचे, आता पुरे. सगळ्या दुनियेत तुमी एकट्याच, वर्सातनं दोनदा त्यांची चौकशी करत हुतासा. मयत लिवलं असतं तर ती थांबली असती."

चौदा कार्डं. अठ्ठ्याऐंशीनंतर त्यांचं अक्षर सुधारलं म्हणून मला बरंच वाटलं होतं, तब्येत सुधारल्याची खूण म्हणून. मला रडू आलं. तो माणूस गेला म्हणून, आणि आठ वर्षं मी कुणाची काळजी करत होते हे न कळल्यामुळेही.

"मग मळ्यात कोण होतं?" मी डोळे पुसत विचारलं.

तिने काखेत दाबून धरलेली गुंडाळी खाली ठेवली. धोतर, सदरा आणि मुंडासं. कपाळावरचा तो वळ मुंडाशाचा होता. "बाई मानूस मळ्यात चालत न्हाई. आणि मळा सोडला तर खायाचं काय? गावानं सांगितलं, त्याची कापडं घालून जा, त्याच्या नावानं जा, वेलीला कळायचं न्हाई. म्हणून आत शिरताना मी रोज त्यांचं नाव घिऊन शिरते. समद्या गावाला ठावं हाय."

"म्हणजे मघाशी हात केलात तो तुम्हीच."

आक्काताईने माझ्याकडे पाहिलं. "मी? न्हाई बा. तुमची हाक आली तशी मी जागच्या जागी थबकले. माज्या दोनी हातांत येल हुती."

मी मळ्याकडे बघायचं टाळलं. मला तिथून निघायचं होतं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय जाता येत नव्हतं, कारण सर तीच पहिल्यांदा विचारणार होते. "आक्काताई, तुम्ही दवाखान्यात का नाही आलात? एवढं पोट फुगलं होतं, तासाभराचा रस्ता, सरांनी बघितलं असतं."

"ते यायलाच निघालं हुतं. पयल्याच दिशी कार्ड टाकलं, पोट दुखतंय, फुगलंय, येऊ का म्हणून. चौथ्या दिवशी तुमचा जबाब आला."

"कसला जबाब?"

ती खोपीत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून एक पोस्टकार्ड घेऊन आली. मी वाचलं. "आपले पत्र मिळाले. डॉक्टरांनी सांगितले आहे की घाबरून जाऊ नये. पातळ घ्यावे व पडून राहावे. येण्याची घाई करू नये. थांबावे. आपोआप सुटेल." खाली सरांच्या सहीचा रबरी शिक्का. मजकूर माझ्या अक्षरात.

"डॉक्टर सोता थांबा म्हणालं, म्हणून थांबलं," आक्काताई म्हणाली. "त्यांचा लई भरवसा हुता तुमच्यावर."

ती मला लावून बोलली असती तर सोपं गेलं असतं. ती मनापासून, जपून ठेवलेल्या दागिन्यासारखं ते माझ्या हातात देत होती. "हे घिऊन जावा," ती म्हणाली. "आणि त्या पोरीला थांबवू नका. कापा म्हणावं."

*

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. ते कार्ड पर्समध्ये होतं आणि पर्स मी दोन्ही हातांनी धरली होती.

मला काहीच आठवत नव्हतं, हे पहिल्यांदा कबूल करते. महिन्याला अशी पाच-पंचवीस कार्डं यायची. सरांचं तेच तेच उत्तर ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. शिक्का माझ्या टेबलावरच असायचा. कुणी लिहिलं की पोट दुखतंय, की आपलं ठरलेलं पाच ओळींचं लिहायचं, शिक्का मारायचा आणि पुढचं कार्ड घ्यायचं. पुढे एप्रिलमध्ये "त्रास नाही" आलं, तेव्हा मीच वहीत लिहिलं असणार, "तिसरी खेप, घरीच थांबून सुटले." त्या एका ओळीवर सरांनी पुण्यात जाऊन भाषण दिलं होतं. त्याच ओळीवर आज शहनाज पडून होती.

मग मला आठवलं. त्या वेळी सर नव्हतेच! हैदराबादला परिषदेला गेले होते. ते नव्हते म्हणून तर मी उत्तर दिलं. नाहीतर मी अशी परस्पर उत्तरं देणारी बाई आहे का? केवढा आधार वाटला मला! म्हैसाळपासून मिरजेपर्यंत मी तेच घोळवत आले. आणि तरीही, स्टँड जवळ आला तेव्हा मनात आलं की सरांना एवढं सांगितलं तरी पुरे आहे, की अण्णा गेले. कार्डाचं काढायची गरज काय? ते फाडलं तर कुणाला कळणार होतं?

दवाखान्याच्या फाटकापाशीच दस्तगीर उभा होता. माझ्यामागून कुणी येतं का, हे तो बघत राहिला. कुणीच आलं नाही.

"तिचं दुखायचं थांबलंय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू होतं. "दुपारपासून शांत झोपलीय. डॉक्टरसाहेब म्हणाले, सुटत असेल. तो माणूस नाही आला?"

त्याला उत्तर न देता मी सरांच्या खोलीकडे धावत सुटले. चाळिशीची बाई धावते म्हणजे वऱ्हांड्यातली माणसं बाजूला होतात.

सरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला, पण ते सर्जन होते, लगेच सावरले. "वाईट झालं. फार वाईट झालं. पण बाई, तो घरी होता. नळी नाही, सलाइन नाही. ही माझ्या डोळ्यांपुढे आहे. तो आला असता तर मी बघितलंच असतं त्याला. आलाच नाही. अंगावर काढलं, गेला. त्यावरून हिला चिरायचं कसं ठरवू?"

"ते येणार होते सर."

"मग का नाही आला?"

मी पर्स उघडली आणि कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं. मग स्वतःच्या सहीवर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

ते उठले आणि वॉर्डात गेले. शहनाज खरोखरच शांत पडली होती, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. बायका गप्प झाल्या. एक मिनिट झालं. दुसरं पुरं व्हायच्या आतच त्यांनी कानातून नळ्या काढल्या. त्यांना तीन मिनिटं पुरी न करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ऑपरेशन थिएटर तयार करा," ते म्हणाले. "आत्ता."

*

दोन हात लांबीचं आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. शहनाज जगली. आणखी चार तास गेले असते तर नसती, असं सरांनी दस्तगीरला सांगितलं आणि ते खरंच होतं. पुढचंही खरंच सांगायला हवं. तिचं पोट त्यानंतर दोनदा अडलं, एकदा परत उघडावं लागलं. पोटभर जेवण तिला पुन्हा कधी सोसलं नाही. दस्तगीरने राहती खोली विकली, बापाच्या हातची हत्यारंही विकली आणि दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला. पण तिने मुलीचं लग्न आपल्या हाताने केलं. परवा मला बाजारात भेटली. तिला घाई होती, ती मेथी निवडत होती.

बाकीच्या एकशे अकरा जणांच्या घरी मी त्या वर्षभरात स्वतः जाऊन आले. सरांनी पुण्याला पत्र पाठवून आपलं म्हणणं मागे घेतलं. रबरी शिक्का कपाटात कुलपात गेला. माझी नोकरी गेली नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, असं लोक म्हणतात.

ऑपरेशनच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघंच त्यांच्या खोलीत बसलो होतो. चहा आला होता आणि निवला होता. खिडकीबाहेर अजून उजेड होता. सर थकलेले दिसत होते. ते कार्ड अजून टेबलावरच होतं.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं. तारखेची शाई पुसट झाली होती.

"ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी, सर. दसरा झाल्यावर."

"माझ्याकडे का नाही आणलंत?"

एवढ्याच प्रश्नाची मी वाट बघत होते. "तुम्ही नव्हता ना सर. हैदराबादला परिषदेला गेला होता. म्हणून मीच लिहून टाकलं. तुम्ही असता तर मी विचारलंच असतं."

सर विचार करत राहिले. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, हे मला आजही पक्कं वाटतं. ते नुसते तारखा जुळवत होते.

"हैदराबाद सत्त्याऐंशीला," ते म्हणाले. "अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला मी जिन्यावरून पडलो होतो, बाई. पाय प्लास्टरमध्ये. दीड महिना वर चढता येत नव्हतं, म्हणून खाली तुमच्याच खोलीत बसून पेशंट बघत होतो. तुमच्या टेबलासमोर."

मग मला ते प्लास्टर आठवलं. पाय टेकायला स्टूल मीच आणून दिलं होतं.